गच्चीवरची प्रगणना

"वरण कसलं, पानीच राहते ते. डाळ त्यात पाहुनी म्हनून येते, अन् बसाले पाट द्यायच्या आत निघून जाते."

हे गाऱ्हाणं गुणवंतरावांच्या कानापासून जेमतेम एका टाकीच्या अंतरावर झालं. ते गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे उकिडवे बसून गळका व्हॉल्व्ह दुरुस्त करत होते, म्हणजे अर्ध्या तासापासून त्याच्याकडे रागाने बघत होते. टाकीच्या पलीकडे दिव्यानी कानाला मोबाईल लावून उभी होती. वरण भागीरथाबाईंचं, भागीरथाबाई गुणवंतरावांची बायको, आणि वरणाबद्दलचं हेच मत गुणवंतरावांनी एकतीस वर्षं मनात बाळगून कधी ओठावर आणलेलं नव्हतं. त्यामुळे राग येण्याऐवजी त्यांना पोरीबद्दल आदरच वाटला.

पण पोरगी थांबेना. वरणावरून ती भूगोलाच्या सरांच्या खोकल्यावर गेली, खोकल्यावरून कॉलेजच्या मोडक्या बाकावर, बाकावरून कुणाच्यातरी तुटलेल्या चपलेवर. मध्येच हसायची. मध्येच "हो ना" म्हणायची. गुणवंतरावांच्या पायाला मुंग्या आल्या. पण इतक्या वेळानं टाकीमागून बाहेर निघणं म्हणजे चोरून ऐकल्याची लेखी कबुलीच. ते तसेच बसून राहिले आणि त्या चाळीस मिनिटांत त्यांच्या डोक्यात एक प्रश्न शिरला तो शिरलाच: ही पोट्टी बोलते तरी कोणाशी?

चौकशी ही काही गुणवंतरावांची खोड नव्हती, पेशा होता. वनविभागात मुख्य लिपिक म्हणून त्यांनी जन्म घालवला आणि मागच्या वर्षी, म्हणजे दोन हजार पाच साली, नारळ-शाल घेऊन ते चंद्रपूरच्या घरी बसले. वरच्या मजल्यावर कॉलेजच्या पाच मुली ठेवल्या होत्या. खोल्यांत मोबाईलची रेंज नव्हती. ती फक्त गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यात यायची. ईशान्येला देव असतो, मग आणखी काय होणार, असं भागीरथाबाईंचं म्हणणं.

दिव्यानी अहेरीच्याही पलीकडच्या गावची. बाप नथ्थू धान पेरणारा, बायको वारून बारा वर्षं झालेली, घरात बाप-लेक दोघंच. पोरीला भूगोल शिकवायची मास्तरीण व्हायचं होतं, तेही आपल्याच गावच्या शाळेत. मागच्याच्या मागच्या जूनमध्ये नथ्थू तिला सोडायला आला तेव्हा ओसरीतल्या बाजेवर तासभर बसला आणि त्या तासात तीनदा "हूं" म्हणाला. उठताना मात्र पूर्ण वाक्य बोलला. "पोरगी तुमच्या भरोशावर ठेवली, गुणवंतभाऊ. एक बी तक्रार आली, का घेऊन जाईन." गुणवंतरावांनी छातीवर हात ठेवून हमी दिली. हमी देताना माणूस किती उंच दिसतो ते त्यांना आरशात बघायला मिळालं नाही एवढंच.

म्हणजे खरं तर या पोरीच्या बाबतीत त्यांनी गप्प बसायला हवं होतं. बायकोला विचारलं तेव्हा तिनंही तेच सुचवलं.

"दिव्यानी फोनवर कोनाशी बोलते गं रोज?"

"तुमच्याशी नाई बोलत ना? मंग झालं."

वरच्या कहकशाँला विचारलं. ही राजुऱ्याच्या गुलाम रसूल टेलरची पोरगी, तोंडाची तिखट, कशालाही उत्तर असलेली. तीसुद्धा या वेळी केसांची पिन शोधत म्हणाली, "असन काका कोनी मैत्रीन," आणि पिन केसांतच असताना आणखी दोन मिनिटं शोधत राहिली.

अशात मुलींच्या कॉलेजातले बोरकुटे सर भेटले.

गुणवंतराव रोज सकाळी समोरच्या रईसभाईच्या दुकानात फुकट पेपर वाचायला जात. रईसभाईच्या एस.टी.डी. बूथवर एके काळी रांगा लागायच्या. आता काचेच्या खोलीत फोन एकटाच बसलेला असायचा आणि रईसभाई झेरॉक्स काढून, मोबाईलचे रिचार्ज विकून दिवस ढकलायचे. "जिसने मेरा धंदा खाया, त्याचेच कार्ड मी विकून राह्यलो," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. त्या सकाळी बोरकुटे सर तिथे दोनशे प्रश्नावल्या झेरॉक्स करत होते. त्यांच्या प्रबंधाचा विषय असा: महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील एकाकीपणा, आध्यात्मिक स्वास्थ्य आणि मोबाईल-अवलंबन, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात. विषय वाचता वाचता झेरॉक्सचं यंत्र दोनदा अडकलं.

"माझ्या घरी पाच नमुने आहेत," गुणवंतराव म्हणाले. आवाजात त्यांना स्वतःलाच नोकरीतला खणखणीतपणा ऐकू आला. "प्रपत्रं माझ्यावर सोडा."

प्रश्नावली पुण्याकडच्या कुठल्याशा नमुन्यावरून उतरवलेली होती. "आपणांस अंतर्यामी रितेपण जाणवते काय?" हे वाचून कहकशाँनं विचारलं, "हे जेवनाच्या आधीचं इचारून राह्यले का नंतरचं?" 'आपण परमतत्त्वाशी जोडलेले आहात असे वाटते काय?' यापुढे तिनं लिहिलं: दिवसातून पाच वेळा, आणि तिथे रेंजचा त्रास नाही. एटापल्लीकडची बुधरी फार विचार करून म्हणाली, "काका, आमचा देव गावी साजाच्या झाडाखाली राहते. त्याले सोडून मी इथी आली. आता कोन कोनाशी जोडलं हाय, ते त्याले इचारा." एवढं मावेल अशी जागा प्रश्नावलीत नव्हती. गुणवंतरावांनी 'अंशतः' वर खूण केली.

अकरावा प्रश्न सोपा होता. आपणांस एकटे वाटते काय? नेहमी, कधीकधी, कधीच नाही. पाचही जणींनी 'कधीच नाही' वर अशा ठाशीव खुणा केल्या की कागद मागून फुगला. मौज म्हणून रईसभाईंनीही एक फॉर्म भरला आणि रिकाम्या काचेच्या खोलीकडे पाठ करून मोठ्यांदा म्हणाले, "हमको काय का एकटं? कधीच नाई." नमुन्यादाखल गुणवंतरावांनीही एक फॉर्म भरला. अकराव्याला आल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, आणि बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिलं: लागू नाही. भागीरथाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वाकून ते वाचलं आणि एक खडा जरा जोरात फेकला.

फॉर्म बघून बोरकुटे सर हिरमुसले. "कुणालाच एकटं वाटत नाही म्हटल्यावर माझा प्रबंध कशावर उभा राहणार? सांगून कुणी सांगत नाही हो. निरीक्षण पाहिजे."

निरीक्षण म्हणताच गुणवंतरावांना मोहर्लीचं जंगल आठवलं. दर उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमेला वन्यप्राणी प्रगणना व्हायची. जंगलात पाणी आटलेलं असतं, मोजके पाणवठे उरतात, आणि कोणताही प्राणी कुठंही लपला तरी पाण्यावर यावंच लागतं. मचाणावर बसायचं आणि मोजायचं. सव्वीस वर्षं ही मोजणी गुणवंतरावांच्या टेबलावरून गेली. किती वाघ, किती बिबटे, किती अस्वलं, सगळ्यांचा गोषवारा त्यांनी काढला. फक्त मचाणावर ते एकदाही बसले नव्हते. दर वर्षी साहेब म्हणायचे, "तुम्ही इथंच हवे, गुणवंतराव." चंद्रपुरात ज्यानं वाघ पाहिला नाही असा माणूस शोधूनही सापडत नाही. गुणवंतराव मात्र न शोधताच सापडले असते.

आणि आता त्यांच्याच गच्चीवर पाणवठा होता. ईशान्य कोपरा.

भागीरथाबाईंनी बेत शांतपणे ऐकून घेतला. "साठीचा मानूस गच्चीवर बसून पोरी मोजनार. उद्या पेपरात नाव येईल, फोटोसकट."

"शास्त्रीय काम आहे."

"मंग शास्त्रासाठी मीबी बसतो. अन् दिवेलागनीनंतर एक घंटा, बस. पौर्णिमा-बिर्णिमा काई नाई."

एवढं म्हणून त्या थांबल्या नाहीत. वर जाऊन त्यांनी मुलींना सरळ सांगून टाकलं, "काका तुम्हाले मोजनार हाय. नीट येत जा." प्रगणनेचा पहिला नियम म्हणजे प्राण्याला पत्ता लागता कामा नये. इथं सगळा कळप पावडर लावून पाण्यावर आला.

"काका, आमच्यात वाघ कोन?" कहकशाँनं विचारलं.

"वाघीन मी," भागीरथाबाई चिंच फोडत म्हणाल्या. "तुम्ही चितळ. पानी प्या अन् निघा."

नोंदीसाठी गुणवंतरावांकडे वनविभागाच्या कोऱ्या प्रपत्रांचा गठ्ठा होता. तो निवृत्तीच्या दिवशी त्यांच्यासोबत घरी आला होता. याला चोरी म्हणत नाहीत, खात्यात याला 'शिल्लक' म्हणतात. रकाने छापील होते, त्यांना हात लावायला गुणवंतरावांचं मन धजेना. प्रजाती: बी.ए. द्वितीय वर्ष. लिंग: मादी. येण्याची दिशा: जिना. सोबत पिल्ले: नाहीत. गळ्यात त्यांनी जुनी दुर्बीण अडकवली होती. भागीरथाबाईंनी तिची झाकणं काढू दिली नाहीत, पण नुसती गळ्यात असली तरी छाती जरा पुढे येते.

आठ दिवस हे चाललं आणि गुणवंतरावांना आयुष्यात पहिल्यांदा गोषवाऱ्याआधीची मजा कळली. कहकशाँ घरी फक्त मिस कॉल द्यायची. एक रिंग म्हणजे जेवले, दोन म्हणजे तब्येत बरी, तीन म्हणजे तुम्ही फोन करा. राजुऱ्यात गुलाम रसूल चुकून फोन उचलायचे आणि मग बाप-लेकीचं भांडण व्हायचं, तेवढंच काय ते दोघांचं बोलणं. बुधरीकडे मोबाईलच नव्हता. ती नुसती कठड्याला टेकून पाच मिनिटं उभी राहायची. तिच्यापुढे त्यांनी लिहिलं: पाणी न पिता परतली. आणि दिव्यानी रोज सातला दहा कमी असताना यायची, साडेसातला जायची. एक दिवस खंड नाही. तिचा फोन मात्र एकदाही वाजला नाही. हे गुणवंतरावांनी पाहिलं, पण प्रपत्रात त्याला रकाना नव्हता, आणि ज्याला रकाना नाही ते घडलंच नाही या शिस्तीत त्यांची नोकरी गेली होती.

नवव्या दिवशी सुकलू हवालदार जिना चढून आले. मागच्या गल्लीतल्या कुणीतरी ठाण्यात कळवलं होतं की गच्चीवर एक म्हातारा दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वेळा लिहितो आहे. आपल्या नक्षलग्रस्त जिल्ह्यांत ही बातमी कुणी हसण्यावारी नेत नाही. हवालदारांनी वही मागितली आणि बोट ठेवून वाचलं.

"मादी, पूर्ण वाढ. एकटी. पाणवठ्यावर चाळीस मिनिटे. आवाज: सतत." त्यांनी मान वर केली. "हे कोन जनावर हाय?"

"विद्यार्थिनी आहे."

"मंग विद्यार्थिनी लिहा ना, भाऊ. काऊन मले वर चढवता? गुडघे धरले माझे." भागीरथाबाईंनी त्यांना बसायला दिलं, चहा दिला. गुणवंतरावांना हवालदारांनी 'परवानगीचं पत्र ठाण्यात आणून द्या' असं बजावलं. पत्र कॉलेजकडून हवं होतं, कॉलेजच्या पत्रावर जावक क्रमांक हवा होता, आणि जावक क्रमांक टाकणारे बाबू साळ्याच्या लग्नाला गेले होते. त्यांची टाचणी लावायची पेटीसुद्धा कुलपात होती. तीन दिवस गुणवंतराव कॉलेजच्या व्हरांड्यात त्याच बाकावर बसले जिथे बसून लोक सव्वीस वर्षं त्यांची वाट बघत आले होते. बाक टोचतो हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

एवढं झाल्यावर तरी गोषवारा घरात ठेवायचा. पण तयार गोषवारा घरात ठेवणं म्हणजे शिजलेला भात झाकून उपाशी बसणं. त्यांनी तो बोरकुटे सरांना दिला. सरांनी आनंदानं वही छातीशी धरली आणि पुढे जे केलं ते कुणी सांगितलं नव्हतं. 'तीव्र अवलंबन' गटातल्या विद्यार्थ्यांच्या पालकांना कॉलेजच्या कागदावर पत्रं गेली. तीव्र गटात एकच नाव होतं.

एरवी अहेरीपलीकडे टपाल पोचायला जेवढे दिवस लागतात तेवढ्यात भात लोंबीवर येतो. हे पत्र चौथ्या दिवशी पोचलं. रविवारी सकाळी नथ्थू ओसरीत उभा होता. खांद्यावर नव्या तांदळाची अर्धी पिशवी, हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पत्र. पोरगी न्यायला आलेल्या माणसानं तिच्यासाठी तांदूळ कशाला आणावा, हा प्रश्न फक्त भागीरथाबाईंना पडला.

"सामान बांध," तो दिव्यानीला म्हणाला.

ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी होती. खाली उतरली नाही, वरही गेली नाही. भूगोलाची परीक्षा अकरा दिवसांवर होती.

हमी गुणवंतरावांनी दिली होती आणि तक्रारही त्यांच्याच हस्ताक्षरातल्या वहीतून निघाली होती. त्यांनी रईसभाईंना पाठवून बोरकुटे सरांना बोलावून घेतलं आणि तोवर जमेल ते केलं. "नथ्थूभाऊ, या पत्रावर जावक क्रमांक नाही. नियमाप्रमाणे हे पत्र आलेलंच नाही."

"हूं," नथ्थू म्हणाला.

"शिवाय शिक्का तिरपा आहे."

"हूं."

बोरकुटे सर आले आणि त्यांनी तीव्र, मध्यम, सौम्य समजावून सांगायला सुरुवात केली. हे व्यसन दारूसारखंच असतं म्हणाले. मग लगेच, तसं नसतंही म्हणाले. समुपदेशनानं बरं होतं म्हणाले. नथ्थूनं सगळं ऐकून पोरीकडे पाहिलं. "कोनासंग बोलते तू रोज?"

दिव्यानीनं मागे वळून पाहिलं. कहकशाँ आणि बुधरी वरच्या पायरीवर येऊन उभ्या होत्या. महिनाभर ज्या प्रश्नानं गुणवंतरावांना झोप नव्हती तो अखेर कुणीतरी तिच्यासमोर ठेवला होता. आणि आता उत्तर ऐकू येऊ नये असं त्यांना फार वाटलं.

"कोनी पोरगा हाय का?"

"नाई."

"मंग दे तो फोन."

तिनं दिला. नथ्थूनं तो उलटासुलटा करून बघितला, तांदळाचा दाणा पारखावा तसा, आणि रईसभाईंच्या हातात दिला. "पाह्य भाऊ, यात कोनाचं नाव हाय."

रईसभाईंनी बटण दाबलं, भुवया आखडल्या, मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली, फुंकर मारली. मग सगळं परत जसंच्या तसं बसवायला त्यांनी जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला. "इसमें तो सिमकार्डच नाई हाय," ते हळू म्हणाले. "कार्डाशिवाय हा निस्ता डबा. घड्याळ पाहाले कामी येईन."

मग वरून कहकशाँ म्हणाली, "आम्हाले माहीत होतं, काका."

"काऊन नाई सांगितलं?"

"कसं सांगावं? आम्ही तिले इचारलं नाई, तिनं आम्हाले सांगितलं नाई. संध्याकाळी आम्ही साऱ्या वर जावो. ती खोलीत एकटी राहे. मंग दिवाळीनंतर तीबी येऊ लागली फोन घेऊन. आम्ही बाजूले सरकून तिले जागा देत होतो, बस."

"मामानं फोन देल्ला तवा कार्ड होतं," दिव्यानी पायरीकडे बघत म्हणाली. "मंग ते बंद पडलं, तं काढून टाकलं. रिचार्ज करून मी कोनाले लावनार? गावात रेंज कुठी हाय." ओढणीचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तुमच्यासंगच बोलत होती, बाबा. दिवसभरात काय झालं ते. घरीबी मीच बोलते अन् तुम्ही हूं म्हनता. तं कार्ड नसलं तरी चालत होतं."

बोरकुटे सरांनी लिहायला पेन काढलं होतं. भागीरथाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते टोपण न लावताच खिशात घातलं आणि सदऱ्यावर निळा डाग पसरू लागला. कुणी त्यांना सांगितलं नाही. गुणवंतरावांना ती चाळीस मिनिटं टाकीमागून पुन्हा ऐकू येत होती. मध्येमध्ये ती थांबायची, तेवढ्यात पलीकडून हूं येत असणार.

"हूं," नथ्थू म्हणाला.

म्हणाला आणि स्वतःच दचकला. दुपट्ट्यानं तोंड पुसलं. बाजेवर बसला, परत उठला. ते पत्र प्लास्टिकमधून काढलं, नीट घडी करून बोरकुटे सरांच्या हाती दिलं.

"सामान राहू दे वरतीच," तो म्हणाला. "पेपर दे तुहे."

मग बराच वेळ तो तांदळाच्या पिशवीची गाठ उगाच सोडत-बांधत राहिला. बोलणं हा त्याचा रोजचा उद्योग नव्हता. शब्द एकेक करून बाहेर येत होते.

"या चिठ्ठीचं काई नाई, गुणवंतभाऊ. चिठ्ठी नसती आली, तं मी दुसरं काईतरी काढून आलो असतो. दिवाळीत पोरगी सांगत होती, त्या वरनाचंबी काढलं असतं." मग तो पोरीकडे वळला. "तू गेली तवापासून, पोरी, मले घरी करमत नाई."